साडभाऊचं जर्मन विमान

माझे साडभाऊ महादेवराव जर्मनीला गेले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ते परत आले तिथून सगळं बिघडलं.

वऱ्हाडाबाहेर ज्याला नुसतं साडू म्हणतात त्याला आम्ही भाऊ जोडून साडभाऊ करतो. पुढे भाऊबंदकी करायचीच आहे, तर नात्यात तशी सोय आधीच असलेली बरी, असा त्यामागे विचार असावा. महादेवराव अकोल्याला एका तेलगिरणीत यंत्रांवर देखरेख करत. मालकाने जर्मन यंत्रं मागवली आणि ती कशी चालतात ते बघायला यांना तिकडे धाडलं. मी अमरावतीच्या तारघरात. माझ्या बोटांखालून लोकांच्या मयती, बारशी आणि कापसाचे भाव देशभर जात; मी स्वतः भुसावळच्या पलीकडे गेलेलो नव्हतो.

मला आयुष्यात एकच मान होता. आमचं सासर बार्शीटाकळीचं. तिथे जेवणाच्या वेळी ओसरीवर पाट मांडत आणि पहिला पाट थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. त्याचे पाय आधी धुवायचे, त्याच्या ताटात आधी वाढायचं, त्याने घास उचलला की बाकीच्यांनी उचलायचा. तारघरात मला शिपायाच्या नंतर चहा मिळे, घरी मांजरीच्या नंतर दूध. पण बार्शीटाकळीच्या ओसरीवर मी घास उचलेपर्यंत पंगत थांबलेली असे. एवढ्या भांडवलावर मी वर्षभर ताठ चालायचो.

महादेवराव परतल्यावर आम्ही सगळे तिथे जमलो. मी सवयीने पहिल्या पाटाकडे निघालो, तर आमचे सासरे नत्थुजी म्हणाले, “जवाईबापू, जर्मनीवाल्याइले बसू द्या तथी. लांबून आले ते.”

ते अकोल्याहून आले होते. एस.टी.ने. मी अमरावतीहून, म्हणजे त्यांच्या कितीतरी पट लांबून आलो होतो. पण भूगोल हा विषय सासरी चालत नाही. मी दुसऱ्या पाटावर बसलो. पाट तसाच, लाकूडही त्याच झाडाचं. वांग्याच्या भाजीला मात्र चव नव्हती.

साल एकोणसत्तरचं. त्या वर्षी आषाढ अधिक आला होता. अधिकाचा महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. जावयांना बोलवायचं, अनारसे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. सगळी भावकी बघायला येते. त्या दिवशी पहिल्या पाटावर जो बसला तो पुढचा धोंडा येईपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं, हलत नाही. माझी झोप उडाली. त्यातच अकोल्याहून बातमी आली, की महादेवरावांनी जर्मनीहून विमान आणलंय आणि ते बार्शीटाकळीला उडवून दाखवणार आहेत.

“विमान?” मी सुभद्रेला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं.

“कौशीनं सांगतलं,” ती म्हणाली. कौशी म्हणजे तिची धाकटी बहीण कौशल्या. “बिजलीवर उडते, अन् हातात पेटी धरून फिरवतात म्हने. तुमी तोंड कडू करू नका.”

मी तोंड कडू केलेलं नव्हतं. ते माझं तोंडच आहे.

आम्ही अकोल्याला ते बघायला गेलो. मला बघायचं नव्हतं. पण न बघता जळणं हे जरा अंधश्रद्धेसारखं होतं. पलंगावर चादर अंथरून तिच्यावर विमान ठेवलेलं. दोन-अडीच हात पंख, नाकात बोटाएवढी मोटर, पोटात बॅटऱ्या. सोबत एक पेटी, तिच्यातून निघालेली एरियलची लांब चकचकीत काडी आणि पेटीवर एकच बटण. बटण एकदा दाबलं की विमान डावीकडे वळतं, दोनदा दाबलं की उजवीकडे, सोडून दिलं की सरळ. महादेवराव हे सांगताना बोलत होते मराठीच, पण ‘जर्मनीत’ हा शब्द चटणीसारखा तोंडी लावत.

“जर्मनीत चहात दूध टाकत नाईत, भाऊसाहेब.”

“मंग तुमी काहून टाकून राहिले?” सुभद्रेने विचारलं.

माझ्याजवळ एकच हत्यार होतं, ते मी काढलं. “लायसन घेतलं का, महादेवराव? घरच्या रेडिओलेबी लायसन लागते. अन् हा तर नुसता ऐकणारा नाही, पाठवणारा आहे. सरकार याले ट्रान्समीटर म्हणते.”

त्यांचा चहा बशीत तसाच राहिला. परतीच्या गाडीत मी बडनेऱ्यापर्यंत गुणगुणत होतो.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी महादेवराव आमच्या दारात उभे. काखेत गोणपाटाचं गाठोडं. गाठोडं सोडलं तर आत विमान, पण सुटं सुटं. एक पंख मोडलेला, नाक चेपलेलं, शेपूट लोंबत. तेलगिरणीच्या मागे उडवत असताना धुराड्याने त्याला धडक मारली, असं त्यांचं म्हणणं होतं.

“भाऊसाहेब,” ते दार लावून घेत म्हणाले, “अकोल्यात कोनाले मालूम नाई पडलं पायजे. कौशल्येलेबी नाई. बार्शीटाकळीत तर बोलायचंच काम नाई.”

मला भरून आलं. एवढा जर्मनी पाहिलेला माणूस शेवटी आपल्या थोरल्या साडभाऊकडे आला! मी विचारलं, “अन् माझीच आठवण आली तुमाले?”

“तुमच्या बाजूले तो रेडिओवाला राह्यते ना, धर्मपाल.”

म्हणजे माझी ओळख धर्मपालच्या भिंतीला लागून राहणारा, एवढीच. मी अपमान गिळला आणि सौदा केला. गुपित राखीन, विमान दुरुस्तही करवून देईन. पण बार्शीटाकळीला बटण मी दाबणार.

महादेवरावांनी बराच विचार केला. “असं करू. उडवायचं मी. उतरवायचं तुमी.”

मी लगेच होकार दिला. चढलेलं विमान सुखरूप खाली आणणारा तो खरा, असं मला वाटलं. उतरवण्याचं बटणच त्या पेटीत नाही, बॅटरी संपली की ते आपल्या मर्जीने खाली येतं, हे मला नंतर समजलं. महादेवरावांना तेव्हाच माहीत होतं.

धर्मपाल हा आमचा शेजारी आणि मित्र. गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधीच ते आपल्याला जमणार याची त्याला खात्री झालेली असे. त्याने पेटी उघडली, मोटर फिरवून पाहिली आणि म्हणाला, “यार, रेडिओ तर फस्क्लास हाये. राहिलं लाकूड अन् कागद. म्हंजे काय? पतंगच ना! पतंगाले मोटर लावली जर्मनीवाल्यानं, अजून काय केलं?”

त्याचं हे बोलणं मला फार आवडलं. जर्मनीची किंमत एवढी कमी कोणी केली नव्हती. सोबत आलेल्या कागदावर सगळं जर्मनमध्ये होतं, आणि तिकडे इतके महिने राहून महादेवरावांना त्यातलं आभाराचं तेवढं एक वाक्य वाचता येत होतं. तेव्हा आम्ही कागद बाजूला ठेवला आणि पतंगाच्या मार्गाने निघालो.

मूळ लाकूड कापसासारखं हलकं. तसं अमरावतीच्या बाजारात कुठे मिळेना. मग मला ज्वारीचं धांडं, म्हणजे कणसाखालची दांडी, आठवलं. लहानपणी आम्ही धांड्याच्या बैलगाड्या करायचो. धांडं वाळलं की हलकं आणि बऱ्यापैकी ताठ. मोडक्या पंखात धांड्याचे तुकडे बसवले, वर पतंगाचा कागद लावला. चिकटवायला सुभद्रेने ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून दिली. शिजवताना तिने सवयीने चिमूटभर मीठ टाकलं.

“खळीत मीठ कशाले?”

“अळणी कशी करू?” ती म्हणाली.

पलीकडच्या पार्बताबाई भिंतीवरून हे सगळं बघत होत्या. “मास्तर, इमानाले आतून शेनानं सारवून घ्या. मजबूत होईन.” मी मास्तर नव्हतो आणि सारवलं नाही. पण पुढे अंगणातून फेकून पाहिलेलं विमान त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडलं तेव्हा मी सल्ला न ऐकल्याचा त्यांना फार आनंद झाला. कुरडयांचं दुःख त्या आनंदात बुडालं.

आता लायसन्सचं मी महादेवरावांना सुनावलं होतं, पण ट्रान्समीटर तर माझ्या घरात! सरकारी नोकर मी. चारचौघांत पकडलं तर? मी आमचे बडे बाबू ओमप्रकाशजी यांना आडून विचारलं, “एका मित्राजवळ असं असं यंत्र आहे...”

बडे बाबूंनी चष्मा वर केला. “उड़ता है?”

“हो.”

“तो हमारा नहीं है. हवाई महकमे का है.”

“पण त्यात रेडिओ आहे.”

“तो पहले उतार लीजिए, फिर आइए.”

विमान उतरलेलं असताना गेलो, तर म्हणाले, उतरलं आहे म्हणजे खेळणं आहे, खेळण्याचं लायसन्स कशाला? तरी माझं समाधान होईना. कुठल्यातरी कचेरीचा शिक्का असल्याशिवाय मला कुठलीच वस्तू खरी वाटत नाही. शेवटी नगरपालिकेत, जिथे सायकलींच्या कराचे बिल्ले मिळत तिथे गेलो. कारकुनाने एकच प्रश्न केला, “चाकं हायेत?”

“दोन आहेत. लहान.”

“मंग वाहन झालं.” आणि त्याने मला सायकलचा पत्र्याचा बिल्ला दिला. तो मी विमानाच्या पोटाखाली तारेने पक्का बांधला. बिल्ला बांधल्यावर विमानाचं नाक खाली वळलं. धर्मपाल म्हणाला, वजन झालं, काढ. मी म्हणालो, पडलं तर कायद्यानं पडू दे. शेवटी शेपटीलाही सायकलीचा एक जुना नट बांधून तोल सांभाळला.

मग वडाळीकडच्या मोकळ्या रानात शिकणं सुरू झालं. धर्मपालने धावत जाऊन विमान फेकायचं, मी बटण दाबायचं. बटणाचं काम मला येईल असं वाटलं होतं. आयुष्यभर दुसरं केलं काय? अडचण वेगळीच निघाली. माझ्या हाताला तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टची सवय. मी घाबरलो की बोट आपोआप चालू लागे आणि विमान हवेत डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं हेलकावे खात बाभळीत शिरे.

“काय पाठवून रायला बे तू त्याले?” धर्मपाल बाभळीखालून ओरडे. “कोन मेलं?”

प्रत्येक वेळी नवं धांडं, नवा कागद, नवी खळ. विमानातलं जर्मन कमी कमी होत गेलं आणि वऱ्हाड वाढत गेलं. शेवटी मोटर, पेटी आणि उजवा पंख एवढंच परदेशी उरलं. आणि एका संध्याकाळी ते उडालं. वारा पडला होता. धर्मपालने फेकलं, मी बोट आवरून धरलं, आणि ते हलक्या आवाजात गुणगुणत वर गेलं. एकदा दाबलं, डावीकडे वळलं. दोनदा दाबलं, उजवीकडे. माझ्या बोटाचं ऐकून आकाशात काहीतरी वळत होतं! मला वाटलं, आता महादेवरावांवर जळण्याचं काही कारणच राहिलं नाही.

मग आठवलं, की विमान त्यांचं आहे. धांडी माझी, खळ माझ्या बायकोची, बोट माझं. तरी बार्शीटाकळीत नाव होणार त्यांचं. त्या रात्री मी जेवलो नाही. सुभद्रेने कारण विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

धोंड्याच्या दिवशी बार्शीटाकळीला घरामागच्या वखरलेल्या वावरात सगळी भावकी जमली. आमच्या सासूबाई मनकर्णाबाई आरती घेऊन आल्या. नवी वस्तू पूजेशिवाय चालवायची नाही, असा घरचा रिवाज. त्यांनी विमानाला हळदकुंकू लावलं, पंखांवर अक्षता टाकल्या, गळ्यात माळ घातली. नारळ नाकावरच फोडावा अशी सूचना आली. मी आणि महादेवराव आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी ‘नको’ म्हणालो. माळही विनवण्या करून काढवली. नजर लागू नये म्हणून त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा मात्र शेपटीला बांधला, आणि बांधताना माझ्याकडे पाहिलं.

मामाजींनी, म्हणजे नत्थुजींनी, विमान हातात घेऊन बैल पारखावा तसं चौफेर पारखलं. पंखावर एके ठिकाणी कागद सैल होता. त्यांनी बोट घातलं. “महादेवराव, हे तर ज्वारीचं धांडं दिसते! जर्मनीत ज्वारी पिकते काय?”

महादेवरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “पिकते ना, मामाजी. तिकडची जात निराळी हाये. धांडं लय बळकट.”

गर्दीतून ‘वा’ आला. ते धांडं मी स्वतः निवडलं होतं! उन्हात वाळवलं होतं! पण गुपित राखायचं वचन दिलेलं. मी माझ्याच ज्वारीला परदेशी होताना बघत राहिलो. तोंडात खरोखरच कडू पाणी आलं.

उडवायची पाळी त्यांची. त्यांच्या पुतण्याने फेकलं, महादेवरावांनी बटण दाबलं, आणि हरामखोर विमान पहिल्याच फटक्याला उडालं. माझ्या हातून बाभळी चुकत नव्हत्या. त्यांच्या हातून घारीसारखं वर गेलं. बाया तोंडावर पदर धरून बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, “अमेरिकावाले चंद्रावर जाऊन रायले म्हन्तात, आपल्या जवायाचंबी पोचते आता.”

“आपल्या जवायाचं,” मामाजी म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. त्यांनी माझ्यासाठी कधी मिशीला हात लावला नव्हता.

“आता उतरवायचं,” मी हात पुढे केला. “पेटी द्या.”

“थांबा ना, भाऊसाहेब. बॅटरी हाये अजून.”

“ठरलं होतं आपलं!”

“मंग काय झालं? दोन चकरा मारू द्या!”

मी पेटी धरली. त्यांनी सोडली नाही. त्यांचं बोट बटणावर, त्यावर माझं बोट, आणि माझं बोट घाबरलं की काय करतं ते आपण पाहिलंच. कट्ट-कडकट्ट-कट्ट! वर विमान डोलू लागलं. डावीकडे, उजवीकडे, एक गिरकी, अर्धी गिरकी. लोकांना वाटलं ही कसरत आहे. टाळ्या पडल्या. मी खेचलं, त्यांनी खेचलं, आणि पेटीची चकचकीत काडी उपटून माझ्या हातात आली.

सांगायला वाईट वाटतं, पण त्यानंतर ते विमान सगळ्यांत सुंदर उडालं. आमच्या दोघांच्या तावडीतून सुटल्यावर त्याने अंग सावरलं, सरळ रेघ धरली आणि घरावरून पलीकडे निघून गेलं. आम्ही सगळे त्याच्या मागे धावलो. मी हातात काडी घेऊन, महादेवराव पेटी घेऊन.

ते गोठ्यासमोर उतरलं होतं. आम्ही पोचेपर्यंत मामाजींच्या म्हशीने डावा पंख निम्मा खाल्ला होता. डोळे मिटून, मन लावून खात होती. उजव्या, जर्मन पंखाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मामाजींनी तिला मोठ्या मुश्किलीने मागे ओढलं.

“बाप्पा बाप्पा!” ते म्हणाले. “जर्मनीची ज्वारी म्हशीले मानवली!”

“जर्मनीची कशाची, बाबा?” सुभद्रेला हसू आवरेना. “माह्या हातची खळ हाये ते. मीठ टाकलं होतं मी.”

कौशल्या पुढे आली. “अवो,” ती नवऱ्याला म्हणाली, “म्हंजे हे आंदीच मोडलं होतं? अन् मले म्हने, गिरनीत ठेवलं हाये!” मग ती माझ्याकडे वळली. “अन् भाऊजी, तुमाले सारं मालूम होतं?”

महादेवराव पेटीकडे पाहत राहिले. मी काडीकडे. मला त्यांची एवढी फजिती किती दिवसांपासून हवी होती! आता ती समोर होती, पण तिच्यात मीही अर्ध्यापर्यंत बुडालो होतो, त्यामुळे चव घेता येईना.

ओसरीवर पाट मांडलेले होते. आम्ही दोघे पाय धुऊन उभे राहिलो आणि दोघांनीही पहिल्या पाटाकडे पाहिलं. आता भांडायला तेवढा एकच पाट शिल्लक होता. मामाजी आळीपाळीने दोघांकडे बघू लागले. इतक्यात मामीजी, म्हणजे आमच्या सासूबाई, आतून आल्या. त्यांच्या हातात ते उष्टं विमान.

“पूजा झालेली वस्तू भुईवर ठेवत नाईत,” त्या म्हणाल्या. “अन् धोंड्याच्या महिन्यात तर मुळीच नाई.” आणि त्यांनी पहिल्या पाटावर विमान ठेवलं. दीड पंख, सायकलीचा बिल्ला, शेपटीला बिब्बा. पाटाभोवती रांगोळी होतीच. समोर ताट मांडलं. “तुमी दोघंबी बसा. सरका जरा, याले जागा होऊ द्या.”

दुसऱ्या पाटावर कोण आणि तिसऱ्यावर कोण, यावर आम्ही वाद घातला नाही. जिथे वाट मिळाली तिथे बसलो. तो दुसरा होता की तिसरा हे मला आजही आठवत नाही, आणि मी असल्या गोष्टी विसरणारा माणूस नाही. आधी विमानाला वाढलं. मग आम्हाला. मामाजींनी विमानाकडे पाहून हात जोडले, आणि पंगत सुरू झाली.

महादेवराव मान खाली घालून जेवत होते. एवढा वेळ त्यांनी जर्मनीचं नाव काढलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी कोपराने मला हळूच ढोसलं आणि डोळ्यांनी पहिल्या ताटाकडे खुणावलं.

“भाऊसाहेब,” ते कुजबुजले, “पायलं का? त्याले अनारसा मोठा वाढला.”

मी पाहिलं. खरंच मोठा होता. तूपही जास्त होतं.